वेळ बघा, वेळ लिहा

(चुडावा, तालुका पूर्णा, जिल्हा परभणी येथील प्रौढ साक्षरता वर्गात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



दिवसभर शेतात राबून तुम्ही रात्री या वर्गाला येता, याचे मला फार कौतुक वाटते. आज मी तुम्हाला नवे अक्षर शिकवणार नाही. शिकलेली अक्षरे आणि शिकलेले घड्याळ एका माणसाचा जीव वाचवायला कसे उपयोगी पडते, ते सांगणार आहे.

मी डॉक्टर नाही. मी मॅट्रिक झालेला एक साधा मास्तर. पण हा आजार माझ्या घरात शिरला. तेव्हा मला काही ठाऊक नव्हते. मागाहून डॉक्टरांना विचारून विचारून जे कळले, ते तुमच्यापुढे ठेवतो.

या आजाराला पुस्तकात पक्षाघात म्हणतात. कोणी अर्धांगवायू म्हणतात, कोणी लकवा म्हणतात. आपल्याकडे म्हणतात, "अंगावरून वारं गेलं." मोठ्या दवाखान्यात याला स्ट्रोक म्हणतात. हा शब्द ध्यानात ठेवा. फोनवर आणि दवाखान्याच्या दारात तो कामाला येतो.

माझ्या घरची गोष्ट

आठ वर्षे झाली. सोयाबीनच्या मळणीचे दिवस होते. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, दिवसभर खळ्यावर होते. दिवेलागणीला ओसरीवर येऊन बसले. वहिनींनी चहा दिला. कप दादांच्या हातातून सुटला आणि फुटला.

वहिनी म्हणाल्या, "दमलात का हो?" दादा काहीतरी पुटपुटले. ते कोणालाच कळले नाही. आम्हाला वाटले, उन्हाचा ताप झाला, थकवा आला. त्यांना आडवे केले. कुणी म्हणाले, वारं गेलं असेल, तेल चोळा. आम्ही तेल चोळले. घोंगडी पांघरली. मीच म्हणालो, "निजू द्या त्यांना. सकाळी पाहू."

मंडळी, "सकाळी पाहू" हे शब्द माझे होते. हे मी आज तुमच्यापुढे कबूल करतो.

सकाळी पाहिले तर तोंड एका बाजूला ओढलेले. उजवा हात आणि उजवा पाय हलेना. बोलायला गेले तर शब्द फुटेना. मग धावपळ झाली. वाटेत एका दवाखान्यात नेले. तिथे सलाईन लावून तीन तास ठेवले. तिथे मेंदूचा फोटो काढायचे मशीन नव्हते. शेवटी शहरात पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता.

तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हे किती वाजता सुरू झालं?"

आम्ही सात माणसे सोबत होतो. एक म्हणाला, दिवेलागणीला. दुसरा म्हणाला, जेवण झाल्यावर. तिसरा म्हणाला, सकाळी. मग मी कपाची गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी बोटांवर तास मोजले. साडेअठरा तास झाले होते. ते हळूच म्हणाले, "गुरुजी, या आजाराचं एक औषध असतं. पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं."

माझी मान खाली गेली. तीस वर्षे शाळेची घंटा मी वेळेवर वाजवून घेतली. पाच मिनिटे उशिरा आलेल्या पोराला मी दारात उभे करीत असे. आणि माझ्या सख्ख्या भावाच्या वेळी मी घड्याळाकडे पाहिले नाही.

दादा त्यानंतर पाच वर्षे जगले. उजवा हात गेला तो गेलाच. भजनी मंडळात ते पुढे उभे राहून गात असत. पण नंतर त्यांना एकच शब्द येई, "हो". भूक लागली तरी "हो", नको असले तरी "हो". काय हवे ते आम्हाला कळत नसे आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी येई.

हे होते कसे?

आपल्या डोक्यात मेंदू आहे. वजन सव्वा-दीड किलो. पण सगळ्या अंगाचा कारभार तोच पाहतो. हात हलवणे, चालणे, बोलणे, गिळणे, सगळे त्याच्या हुकमाने चालते. मेंदूची डावी बाजू अंगाच्या उजव्या बाजूवर हुकूम चालवते आणि उजवी बाजू डाव्या बाजूवर. बहुतेकांचे बोलणेही डाव्या बाजूत असते. म्हणून दादांचा उजवा हात आणि वाचा दोन्ही एकदम गेली.

मेंदूला सारखे रक्त लागते. ते रक्तवाहिन्यांतून येते. तुम्ही शेतकरी आहात, म्हणून पाण्याचे उदाहरण घेऊ. समजा, चारीने पाणी शेतात येत आहे. चारीत गाळ अडकला, तर पुढचे पीक वाळते. आणि चारीच फुटली, तर पाणी भलतीकडे घुसते, पीक कुजते. दोन्ही वेळी पीक जाते.

मेंदूतही तसेच दोन प्रकार आहेत. एकात रक्ताची गुठळी अडकते आणि पुढे रक्त जात नाही. दुसऱ्यात रक्तवाहिनी फुटते आणि रक्त मेंदूत सांडते. साधारण दहा रोग्यांत सात-आठ जणांना गुठळीचा प्रकार असतो. बाकीच्यांना फुटण्याचा.

बाहेरून पाहिले तर दोन्ही रोगी सारखेच दिसतात. तोंड वाकडे, हात लुळा. नुसत्या डोळ्यांनी पाहून मोठा डॉक्टरही खात्रीने सांगू शकत नाही. पण उपाय मात्र उलटे आहेत. गुठळी विरघळवायचे औषध रक्त वाहते करते. तेच औषध रक्तवाहिनी फुटलेल्या रोग्याला दिले, तर रक्त आणखी सांडेल आणि माणूस दगावेल. म्हणून आधी मेंदूचा फोटो काढावा लागतो. त्याला सीटी स्कॅन म्हणतात.

म्हाताऱ्यांचे चुकले का?

आपली म्हातारी माणसे म्हणत, "वाऱ्याला औषध नाही. नशिबी असेल ते होईल." त्यांना हसू नका. त्यांच्या काळी ते खरेच होते. जिवंत माणसाच्या मेंदूचा असा फोटो काढणारे मशीनच नव्हते. सीटी स्कॅनच्या मशीनमध्ये पहिला रोगी १ ऑक्टोबर १९७१ रोजी विलायतेत, लंडनला तपासला गेला. ते मशीन गॉडफ्रे हौन्सफिल्ड या इंजिनिअरने बनवले. त्याबद्दल त्याला १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तो मूळचा शेतकऱ्याचा मुलगा होता बरे का!

गुठळी विरघळवायचे औषध उपयोगी पडते, हे अमेरिकेत १९९५ साली सिद्ध झाले. तेव्हा मुदत तीन तासांची होती. २००८ साली कळले की, साडेचार तासांपर्यंत दिले तरी गुण येतो. २०१५ सालापासून आणखी एक उपाय पक्का झाला. मोठी रक्तवाहिनी बंद झाली असेल, तर जांघेतून बारीक नळी घालून ती मेंदूपर्यंत नेतात आणि गुठळी बाहेर ओढून काढतात. हा उपाय सहा तासांपर्यंत करतात. काही निवडक रोग्यांत चोवीस तासांपर्यंतही करतात. पण त्यासाठी मोठ्या शहरातला तयारीचा दवाखाना लागतो.

म्हणजे काळ बदलला. औषध आले. आता फक्त आपली "सकाळी पाहू" ही सवय बदलायची राहिली.

खेड्यांत काय होते?

कोणी म्हणेल, हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा आजार आहे. तसे नाही. आपल्याच महाराष्ट्रातला दाखला देतो. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची सर्च नावाची संस्था आहे. त्या संस्थेने २०११ ते २०१३ या दोन वर्षांत ८६ खेड्यांतल्या मृत्यूंची नोंद ठेवली. माणूस कशाने गेला, ते घरोघर जाऊन विचारले. एकूण १५९९ माणसे वारली होती. त्यांतली २२९ पक्षाघाताने गेली होती. तुम्ही भागाकार शिकला आहात. करून पाहा. दर सात मरणांत एक! त्या खेड्यांत दुसऱ्या कोणत्याही आजाराने इतकी माणसे गेली नव्हती.

आणि पुढची गोष्ट ऐका. पक्षाघाताने गेलेल्या शंभर माणसांतली सुमारे ८७ माणसे घरीच वारली. ती आपल्यासारखीच कष्टाची माणसे होती.

ओळखायचे कसे?

छातीत कळ आली, तर माणूस ओरडतो आणि सगळे धावतात. पक्षाघातात बहुधा काही दुखत नाही. म्हणूनच घरचे लोक थांबतात. दुखत नाही म्हणून थांबू नका. तीन गोष्टी तपासा. एक मिनिटही लागत नाही.

पहिली गोष्ट, तोंड. "जरा हसा, दात दाखवा," असे म्हणा. तोंडाची एक बाजू खाली लोंबते का, ते पाहा.

दुसरी गोष्ट, हात. "डोळे मिटा आणि दोन्ही हात पुढे उचलून धरा," असे म्हणा. तुम्ही दहा अंक मोजा. एक हात उचलतच नाही का? किंवा आपोआप खाली येतो का?

तिसरी गोष्ट, बोलणे. एक साधे वाक्य म्हणायला सांगा. "आमच्या चुडाव्याला रेल्वेचं स्टेशन आहे," असे म्हणायला सांगा. बोबडे येते का? भलतेच शब्द येतात का? तुमचे बोलणे त्यांना समजत नाही का?

या तीनपैकी एक जरी गोष्ट अचानक झाली, तरी पक्षाघात समजा. तिन्हींची वाट पाहू नका.

आणखी काही खुणा आहेत. एकाएकी तोल जाणे. एका डोळ्याने किंवा एका बाजूचे दिसेनासे होणे. पूर्वी कधी दुखले नाही असे भयंकर डोके दुखून ओकारी होणे. यातही मुख्य शब्द "एकाएकी" हाच आहे.

कधी कधी तोंड वाकडे होते आणि दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा नीट होते. घरचे म्हणतात, "बरं झालं, गेलं." नाही! ही पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असू शकते. स्टेशनात गाडी येण्याआधी सिग्नल पडतो, तसे हे समजा. त्याच घटकेला दवाखाना गाठा.

काय करायचे?

पहिले काम, घड्याळ पाहा. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ लिहून ठेवा. कागद नसला तर तळहातावर लिहा. माणूस झोपेतून उठला तेव्हाच हात लुळा असेल, तर तो उठल्याची वेळ धरू नका. रात्री झोपताना तो धड होता, ती वेळ धरा. मोबाईलमध्ये घड्याळ असतेच.

दुसरे काम, १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका फुकट आहे. महाराष्ट्रात ती २०१४ सालापासून चालू आहे. फोनवर म्हणा, "स्ट्रोकचा संशय आहे. सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात न्यायचं आहे." गाडीला फार उशीर लागणार असेल, तर गावातली जीप काढा. रेल्वेची वाट पाहत बसू नका.

तिसरे काम, थेट योग्य ठिकाणी जा. आपला जिल्हा परभणी आहे, पण आपल्याला नांदेड जवळ पडते. नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या नावाचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि मोठे रुग्णालय आहे. परभणीला जिल्हा रुग्णालय आहे. आजार आल्यावर चौकशी करू नका. आजच आशाताईंना आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून ठेवा, "रात्री-बेरात्री सीटी स्कॅन आणि गुठळीचं औषध, दोन्ही कुठं मिळतं?" उत्तर लिहून घरातल्या भिंतीवर लावा.

आता काय करू नये, तेही ऐका.

तोंडात पाणी, चहा, दूध, काहीही घालू नका. गिळायची शक्ती गेलेली असू शकते. मग पाणी फुप्फुसात जाते.

स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी देऊ नका. रक्त पातळ करायची गोळी देऊ नका. रक्तवाहिनी फुटलेली असेल, तर ती घात करील. रक्तदाब उतरवायची गोळीही देऊ नका. ते डॉक्टरांना ठरवू द्या.

तेल चोळत बसू नका. कबुतराचे रक्त लावू नका. त्याने गुठळी विरघळत नाही. नुसता वेळ जातो.

माणूस बेशुद्ध असेल किंवा ओकत असेल, तर कुशीवर निजवा. अंगावरचे कपडे सैल करा. भोवती गर्दी करू नका.

आणि बायांनो, तुम्हाला मुद्दाम सांगतो. घरधनी शेतात आहे, पोरगा पुण्याला आहे, दीर बाजाराला गेला आहे, म्हणून थांबू नका. "पुरुष माणूस आल्यावर नेऊ," असे म्हणू नका. आधी १०८ ला फोन करा, मग त्यांना करा.

दवाखान्याच्या दारात

मोठ्या दवाखान्यात तातडीचा विभाग असतो. पुष्कळ ठिकाणी त्याला अपघात विभाग म्हणतात. तिथेच जा. बाहेरच्या रांगेत बसू नका. एका माणसाने केसपेपर काढावा. दुसऱ्याने रोग्यापाशी राहून डॉक्टरांना सांगावे, "स्ट्रोकचा संशय आहे. अमुक वाजेपर्यंत माणूस धड होता." लाजू नका. हे शब्द ऐकले की तिथली माणसे घाई करतात.

डॉक्टर आत काय करतात? बोट टोचून रक्तातली साखर पाहतात. साखर फार उतरली तरी माणूस असाच बोबडा बोलतो. मग रक्तदाब पाहतात. हातपाय हलवून पाहतात. लगेच सीटी स्कॅनला नेतात. गुठळी असेल आणि मुदत उरली असेल, तर रोग्याच्या वजनाप्रमाणे औषध मोजून शिरेतून देतात. दारातून आत आल्यापासून तासाभरात औषध सुरू व्हावे, असा चांगल्या दवाखान्यांचा प्रयत्न असतो.

ते तुम्हाला काही प्रश्न विचारतील. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? अलीकडे ऑपरेशन झाले का? डोक्याला मार लागला होता का? कुठून रक्त पडत होते का? नीट आठवून खरे सांगा. चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या. रेशनकार्ड आणि आधारकार्डही न्या. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी आरोग्यमित्राकडे करा. पण कागद सापडत नाही म्हणून घरी थांबू नका. कागद मागून येऊ शकतो.

डॉक्टर एका कागदावर सही मागतील. या औषधाने काही थोड्या रोग्यांना मेंदूत रक्त सांडण्याचा धोका असतो. तो धोका समजावून सांगणे डॉक्टरांचे काम आहे आणि समजून घेणे आपले काम आहे. विचारा, ऐका, आणि लवकर ठरवा. "चार पाहुणे येऊ द्या, मग सांगतो," असे म्हणू नका. पाहुणे येईपर्यंत मुदत निघून जाईल.

मुदत म्हणजे साडेचार तास आहेत, मग सावकाश जाऊ, असेही समजू नका. अमेरिकेतल्या डॉ. जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली एक हिशेब मांडला. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद झाली, की दर मिनिटाला मेंदूतल्या सुमारे १९ लाख पेशी मरतात. दहा मिनिटांत किती? एक कोटी नव्वद लाख! चहा करून प्यायला आपल्याला दहा मिनिटे लागतात.

आणि मुदत टळली असली, तरी रोग्याला घरी ठेवू नका. दवाखान्यात गिळण्याची तपासणी होते, रक्तदाब सांभाळतात, पाठीला जखमा होऊ देत नाहीत, हातापायांचे व्यायाम शिकवतात. त्यानेही माणसे वाचतात आणि पुन्हा चालू लागतात. उशीर झाला म्हणजे सगळे संपले, असे नाही.

आपल्या वर्गातल्या एका बाईंची गोष्ट

ही गोष्ट मागच्या वर्षीची आहे. बाईंचे नाव सांगत नाही. त्या इथेच बसल्या आहेत आणि त्यांना संकोच वाटेल.

पहाटे त्यांचे मालक म्हशीची धार काढत होते. बाई शेण काढत होत्या. एकाएकी चरवी कलंडली. बाईंनी पाहिले, तर मालकांचे तोंड वाकडे आणि हात लोंबलेला. या वर्गात आदल्याच महिन्यात मी हा धडा सांगितला होता. बाईंनी मोबाईलमध्ये वेळ पाहिली. आकडे वाचता येत होते. सहा वाजून दहा मिनिटे. पोराच्या दप्तरातला पेन घेऊन त्यांनी तळहातावर लिहिले, ६-१०.

शेजारी जमले. एक जण म्हणाला, "पोराला येऊ द्या." दुसरा म्हणाला, "आधी तेल लावा." बाई म्हणाल्या, "गुरुजींनी सांगितलंय, थांबायचं नाही." त्यांनी १०८ ला फोन केला. मालकांनी पाणी मागितले, तेही दिले नाही. जीव तुटत होता, पण दिले नाही.

आठला दहा मिनिटे कमी असताना त्या दवाखान्यात पोचल्या. डॉक्टरांनी विचारले, "किती वाजता झालं?" बाईंनी काही न बोलता तळहात पुढे केला.

फोटो निघाला. गुठळी होती. डॉक्टरांनी धोका समजावला. बाईंनी दोन प्रश्न विचारले आणि कागदावर सही केली. अंगठा नव्हे, सही! आठ वाजून चाळीस मिनिटांनी औषध सुरू झाले. म्हणजे अडीच तासांत.

आज त्यांचे मालक स्वतः बाजाराला जातात. उजव्या हाताची बोटे अजून जरा जड आहेत. बटण लावायला वेळ लागतो. पण बोलणे स्वच्छ आहे. सगळ्यांना असाच गुण येतो, असे मी म्हणणार नाही. काहींना कमी येतो, काहींना येतही नाही. पण उशिरा गेलेल्यापेक्षा लवकर गेलेल्याला आशा जास्त, हे नक्की.

आजार येऊच नये म्हणून

या आजाराचे सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब. तो दुखत नाही, खुपत नाही. मोजल्याशिवाय कळत नाही. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने आरोग्य केंद्रात जाऊन तो मोजून घ्यावा. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० याच्या पुढे वारंवार जात असेल, तर डॉक्टरांचे ऐकावे. गोळी सुरू झाली, तर रोज घ्यावी. "आता बरं वाटतंय," म्हणून ती सोडू नये. बरे वाटते ते गोळीमुळेच. माझ्या दादांनी तीच चूक केली होती. चार महिने गोळी बंद होती आणि घरात कोणाला ठाऊकही नव्हते.

साखरेचा आजार असेल, तर तोही ताब्यात ठेवा. मीठ कमी खा. ताटात लोणचे आणि पापड रोज नको. विडी आणि तंबाखू सोडा. गुटखा तर महाराष्ट्रात २०१२ सालीच बंद केला आहे. तरी तो कोणाच्या खिशात आहे, हे मला इथून दिसते आहे! हसू नका, टाकून द्या.

शेवटी

आपल्या गावाला रेल्वे आहे. गाडी कोणासाठी थांबत नाही, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. पूर्णेची गाडी चुकली, तर मागून दुसरी येते. पण पक्षाघाताच्या औषधाची वेळ एकदा चुकली, की ती पुन्हा येत नाही. माझ्या दादांची गाडी मी चुकवली. तुमच्या घरी तसे होऊ नये, म्हणून हे सगळे बोललो.

आता सर्वांनी वही उघडा. मी सांगतो ते पाच ओळींत लिहा. घरी जाऊन घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. मग तो कागद दारामागे चिकटवा.

१. तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे बोबडे. एक जरी खूण दिसली तरी पक्षाघात समजा.

२. वेळ बघा, वेळ लिहा.

३. १०८ ला फोन करा. कोणाची वाट पाहू नका.

४. पाणी नाही, गोळी नाही, तेल नाही.

५. जिथे सीटी स्कॅन आणि औषध आहे, तिथेच थेट जा.

लिहिलेत? शाबास. आता ज्यांचे अक्षर नीट आले आहे, त्यांनी शेजाऱ्याला मदत करा. मी थांबतो. तुमचे लिहून होईपर्यंत मला काही घाई नाही.